घरचा कचरा कोरडा कसा ठेवावा

मुंबईत रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा गोळा होतो. त्यातील बहुतेक कांजूरमार्गला आणि उरलेला देवनारला जातो. देवनारच्या कचराभूमीचा वापर १९२७ पासून होत आला असून २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीच्या धुराने पूर्व उपनगरांतील रहिवाशांना कित्येक दिवस छळले होते. अशी आग विझवणे कठीण जाते, याचे कारण ढिगाच्या पोटात असते. ओला कचरा हवेविना कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो आणि तो आतल्या आत आग धुमसत ठेवतो. शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून बराच अधिक वाटा ओल्या कचऱ्याचा असतो, आणि तो बहुतांशी स्वयंपाकघरांतून येतो.

घरच्या कचऱ्याविषयी लिहिताना बहुतेक जण प्लॅस्टिकपासून सुरुवात करतात. माझ्या मते मुंबईच्या दमट हवेत आणि दोन खोल्यांच्या घरात मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. भाजीच्या सालीला वास येतो तो त्यात साचलेल्या पाण्यामुळे. दुधाची पिशवी भंगारवाला नाकारतो ती आत राहिलेल्या दुधामुळे. रद्दीचा भाव पडतो तो ओल धरल्यामुळे. पाणी वेळीच काढून टाकले, तर घरातील बराचसा कचरा एकतर विकता येतो किंवा कुंडीत जिरवता येतो. पुढील सर्व सूचना याच एका धोरणावर बेतलेल्या आहेत.

डबे आणि त्यांच्या जागा

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार घरातच वेगळे करणे बंधनकारक केले. त्यासाठी बाजारात मिळणारे रंगीत डब्यांचे संच विकत घेण्याची मुळीच गरज नाही. ओल्यासाठी झाकणाचा एक लहान डबा, सुक्यासाठी दाराआड टांगलेली कापडी पिशवी किंवा तांदळाची रिकामी गोण, आणि जुन्या बॅटऱ्या, सीएफएल दिवे अशा घातक वस्तूंसाठी मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर ठेवलेला एखादा जुना पत्र्याचा डबा, एवढ्यावर काम भागते. सॅनिटरी नॅपकिन, डायपर आणि जखमेच्या पट्ट्या यांची सोय न्हाणीघरात वेगळी करावी.

ओल्या कचऱ्याचा डबा मुद्दाम लहान घ्यावा. डबा मोठा असला की तो भरेपर्यंत रिकामा न करण्याचा मोह होतो, आणि मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी त्यात चिलटे होतात. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद दुमडून घालावा, प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. कारण गाठ मारलेल्या पिशवीतील ओला कचरा हवेअभावी सडतो, शिवाय पुढे ती फोडून कचरा वेगळा करण्याचे घाणेरडे काम कोणाला तरी हातांनी करावे लागते.

सिंकच्या जाळीत अडकलेले खरकटे थेट डब्यात टाकण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याऐवजी सिंकच्या कडेला एक जुनी चाळणी ठेवून खरकटे, चहाचा चोथा आणि धुतलेल्या भाजीचे देठ तीत तासभर निथळू द्यावेत आणि मगच डब्यात टाकावेत. चहाचा चोथा गाळण्यातच चमच्याने दाबून घ्यावा. एवढ्या एका बदलाने डब्याचा वास बराच कमी होतो, आणि डबा धुण्याचे कष्टही वाचतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी गॅलरीतील झाडांना घालावे. मीठ किंवा साबण असलेले पाणी मात्र झाडांना घालू नये.

विकला जाणारा सुका कचरा

दूध आजही बहुतेक घरांत पिशवीतून येते, म्हणून आरंभ तेथूनच करावा. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये, पिशवीला लोंबता राहू द्यावा. सुटलेला बोटभर तुकडा पुढे कोणीही वेचत नाही आणि तो थेट गटारात जातो. पिशवी रिकामी झाली की त्यात थोडे पाणी घालून खळबळावे आणि ते पाणी चहाच्या आधणात किंवा कणकेत वापरावे. नंतर पिशवी उभी चिरून सिंकवरच्या टाइल्सना चिकटवून ठेवावी. ही आपल्या घरांतील जुनीच रीत आहे. संध्याकाळपर्यंत पिशवी सुकून आपोआप गळून पडते. अशा कोरड्या पिशव्यांचा जाड, एकाच जातीचा प्लॅस्टिक म्हणून भंगारात चांगला उठाव असतो, आणि शंभरेक पिशव्यांचा गठ्ठा चपलेच्या खोक्यात सहज मावतो.

बाटल्या, डबे आणि झाकणे यांच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांवर १, शाम्पू आणि फिनेलच्या जाड बाटल्यांवर २, आणि हॉटेलातून जेवण येते त्या डब्यांवर बहुधा ५ असतो. हे तिन्ही प्रकार धारावीसारख्या ठिकाणी दळून पुन्हा दाणे करण्याच्या कामी येतात. ६ म्हणजे थर्माकोल आणि तत्सम ठिसूळ प्लॅस्टिक. त्याला गिऱ्हाईक जवळजवळ नसतेच. वेफर आणि बिस्किटांची आतून चकचकीत असलेली वेष्टने प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या थरांची असतात आणि ते थर वेगळे करणे परवडत नाही, त्यामुळे ती धुऊन, वाळवून साठवण्यात श्रम फुकट जातात. फराळाचे सामान, शेव आणि फरसाण जेथे सुटे मिळते तेथे घरचा डबा घेऊन जाणे, हाच त्यावरील खरा उपाय आहे. मासळी बाजारातही डबा न्यावा, आणि मासे कोळीणबाईंकडूनच साफ करून घ्यावेत, म्हणजे खवले, कल्ले आणि आतडी बाजारातच राहतात आणि घरच्या डब्याचा सर्वांत दुर्गंधी भाग घरी येतच नाही.

जेवणाच्या डब्यांना तेलाचा ओशटपणा राहिला असेल तर ते भांडी घासून झाल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढावेत. त्यांच्यासाठी स्वच्छ पाण्याचा नळ सोडणे ही काटकसर नव्हे. डबा लखलखीत होण्याची गरज नसते. त्यात अन्न नसावे आणि तो सुकलेला असावा, एवढेच पुरे.

रद्दीच्या बाबतीत तीन गोष्टी पाळाव्यात. वर्तमानपत्रे, गुळगुळीत कागदाची मासिके आणि पुठ्ठा यांचे भाव वेगवेगळे असतात, म्हणून त्यांचे गठ्ठे वेगळे बांधावेत. सर्व एकत्र दिल्यास सर्वांत कमी भाव लागतो. भाव आधी ठरवावा आणि वजन आपल्यासमोर होऊ द्यावे, शक्य असल्यास घरच्या हुकाच्या काट्यावर गठ्ठा आधीच तोलून ठेवावा. तिसरी गोष्ट, जी मुंबईत सर्वाधिक दुर्लक्षिली जाते: रद्दी बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा पलंगाखाली फरशीवर ठेवू नये. जूनपासून भिंतींना ओल येते, कागदाला बुरशी धरते आणि झुरळांची सोय होते. मे महिन्याच्या अखेरीस घरातील रद्दी शून्यावर आणावी आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला देऊन टाकावी, मग भाव दोन रुपये कमी मिळाला तरी चालेल. दुकानातील गुळगुळीत पावत्या, आतून प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी पेले आणि तेलाने माखलेली पिझ्झाची खोकी यांना रद्दीत स्थान नाही. खोक्याचे वरचे कोरडे झाकण तेवढे फाडून ठेवावे.

काचेच्या अखंड बाटल्या विकल्या जातात. फुटलेली काच मात्र जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असे ठळक लिहून कचरा नेणाऱ्याच्या हातात वेगळी द्यावी. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. कचरा उपसणाऱ्यांच्या बोटांवरील जखमा पाहिल्या की त्यामागचे कारण कळते.

भंगारवाला जे घेत नाही असा सुका कचरा कचरावेचक महिलांच्या गटांकडे देता येतो. स्त्री मुक्ती संघटना १९९८ पासून 'परिसर विकास' कार्यक्रमातून मुंबईतील अशा महिलांना संघटित करीत आली आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी आता क्वचितच दिसतात, परंतु एखादी वस्तीत येत असेल तर धडधाकट कपडे तिलाच द्यावेत, कारण तिच्या हातून ते पुन्हा अंगावर घातले जातात. विरलेल्या सुती साड्यांची आणि चादरींची पायपुसणी व फडकी करावीत. घरात पुरेशी सुती फडकी असली की कागदी टिश्यू विकत आणावे लागत नाहीत.

डब्यात जाण्यापूर्वी

कचऱ्यातील सर्वांत महाग भाग म्हणजे पैसे देऊन आणलेली आणि न खाता टाकलेली भाजी. येथेही दोष पाण्याचाच असतो. बाजारातील भाजीवर सतत पाणी मारलेले असते, त्यामुळे कोथिंबीर, मेथी आणि पालक घरी आल्यावर न धुता कागदावर तासभर पसरून ठेवावेत, मुळे आणि पिवळी पाने काढावीत, आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात भरावेत. अशी कोथिंबीर आठवडाभर टिकते. ओलीच पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवलेली तिसऱ्या दिवशी चिकट होते. रवा, पोहे आणि पिठे पावसाळ्यापूर्वी महिन्याभराची भरून ठेवू नयेत. वर्षाचे सामान एकदम भरण्याची पद्धत कोरड्या हवेच्या गावांत शोभते; मुंबईत जुलैमध्ये रव्याला जाळी धरते आणि वाचवलेले पैसे किड्यांच्या तोंडी जातात.

सालींविषयी आपल्या स्वयंपाकात फार जुने शहाणपण आहे. दोडक्याच्या शिरा आणि दुधी भोपळ्याची साल तीळ, मिरची व खोबऱ्यासह परतून उत्तम चटणी होते. कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात किंवा धिरड्यात जातो. फणसाच्या आठळ्या उकडून आमटीत घालाव्यात, कोथिंबिरीचे देठ वाटणात वापरावेत, फ्लॉवरचे कोवळे देठ सांबारात चालतात. उरलेल्या पोळीचा फोडणीचा कुस्करा आणि भाताचा फोडणीचा भात घरोघरी होतोच; फक्त उरलेला भात रात्रभर ओट्यावर न ठेवता लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करावा. लादीपावाचे उरलेले तुकडे तव्यावर कडक करून मिक्सरमध्ये फिरवले की कटलेटसाठी चुरा तयार होतो. कीटकनाशकांची शंका असल्यास साल खाण्याच्या भरीस पडू नये, ती खताला द्यावी.

तळणाचे उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नये. ते नळीत थिजत जाते आणि तुंबलेल्या सांडपाण्याचा खर्च अखेरीस इमारतीतील सर्वांना सोसावा लागतो. थोडे तेल असेल तर जुन्या कागदाने टिपून घ्यावे आणि तो कागद कोरड्या कचऱ्यात न टाकता ओल्यात टाकावा.

गॅलरीतले खत

झाकणाचा वीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, आणि असे दोन-तीन डबे असल्यास काम अखंड चालते. डब्याच्या बाजूंना आणि तळाला बोटाएवढी भोके पाडावीत, उंदीर-घुशींचा उपद्रव असेल तर आतून बारीक जाळी लावावी, आणि डबा दोन विटांवर उभा करावा. खाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचत असेल तर ते दररोज ओतून टाकावे, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

तळाशी चार बोटे वाळक्या पानांचा थर द्यावा आणि त्यावर मूठभर जुने खत किंवा बागेतील माती पसरावी. त्यानंतर रोजचा निथळलेला ओला कचरा शक्य तितका बारीक चिरून घालावा आणि जेवढा कचरा तेवढीच वाळकी पाने वर पसरावीत. पाने केवळ झाकण्यासाठी नसतात. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्राला (नायट्रोजनला) पंचवीस ते तीस भाग कर्ब (कार्बन) लागतो. स्वयंपाकघरातील साली नत्र पुरवतात आणि पाने, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट कर्ब पुरवतात. आठवड्यातून एकदा काठीने ढवळावे, म्हणजे हवा आत जाते. आठवड्यातून वाटीभर आंबट ताक शिंपडल्यास काम लवकर होते, मात्र पावसाळ्यात ते टाळावे.

ओलावा योग्य आहे की नाही हे हाताने समजते. मूठभर मिश्रण घट्ट दाबावे: बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाने कमी पडली आहेत, आणि मूठ उघडताच मिश्रण भुसभुशीत होऊन विखुरले तर थोडे पाणी शिंपडावे. वासावरूनही निदान होते. कुजलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा पोहोचत नाही. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे साली जास्त आणि पाने कमी. दोन्हींवर उपाय एकच, पाने वाढवून ढवळणे. पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर बहुतेक लोक घाबरून डबाच फेकून देतात. त्या सहसा काळ्या सैनिक माशीच्या असतात, त्या कचरा झपाट्याने फस्त करतात आणि मिश्रण कोरडे झाले की निघून जातात.

नारळाची करवंटी, आंब्याची कोय, हाडे आणि कोलंबीची टरफले या डब्यात घालू नयेत. पहिल्या दोन कुजायला वर्षे लागतात आणि शेवटच्या दोन परिसरातील मांजरांना आणि कावळ्यांना निमंत्रण देतात. नारळाची शेंडी मात्र भांडी घासायला ठेवावी. देवाची फुले हाराचा दोरा काढून खतात टाकावीत. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खाडीत सोडण्यापेक्षा झाडाच्या मुळाशी त्याचे खत जाणे अधिक शोभते, असे मला वाटते.

पाने मिळवण्याची वेळ चुकवू नये. मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगली बदाम, पिंपळ आणि पर्जन्यवृक्ष यांची पाने ढिगांनी पडतात आणि सफाई करणारे ती गोळा करून ठेवतात. त्यांच्याकडून दोन गोणी मागून घ्याव्यात, उन्हात कडकडीत वाळवून, चुरून, तोंड घट्ट बांधून ठेवाव्यात. पावसाळ्यात हवाच ओली असल्यामुळे पानांचे प्रमाण दुप्पट करावे लागते, आणि तेव्हा बाहेर कोरडे पान शोधून सापडत नाही. साठा संपला तर चिकटपट्टी काढलेला तपकिरी पुठ्ठा बारीक फाडून वापरावा.

डबा भरला की तो दीड ते दोन महिने बाजूला ठेवून दुसरा वापरावा. खत काळसर झाले आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येऊ लागला की चाळून घ्यावे आणि एका भागाला तीन भाग माती मिसळून कुंडीत भरावे. चाळणीवर राहिलेले जाड तुकडे पुढच्या डब्याचे विरजण होतात.

घातक आणि सॅनिटरी

डायपर व नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी आणि ते कोणत्याही डब्यात न मिसळता वेगळे द्यावेत. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये या कचऱ्याच्या स्वतंत्र संकलनाची सेवा सुरू केली असून गृहनिर्माण संस्थांना त्यासाठी नोंदणी करता येते. सचिवांना एकदा विचारून पाहावे. मोबाइल, पॉवर बँक आणि जुन्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात कधीही टाकू नयेत, कारण गाडीत दाबल्या गेल्यावर लिथियमच्या बॅटऱ्या पेट घेतात. सीएफएल दिव्यात पारा असतो, तो अखंड स्थितीत खोक्यात ठेवावा.

इमारतीत

२०१७ मध्ये महापालिकेने वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्यावर स्वतःच्या आवारात प्रक्रिया करण्यास सांगितले. लहान इमारतींनीही विटांचे दोन खड्डे करण्यास हरकत नाही, फक्त त्यांवर पत्रे घालून पावसाचे पाणी आत येणार नाही हे पाहावे. या एका त्रुटीमुळेही असा प्रकल्प बंद पडू शकतो.

गावी जाताना

गणपतीला किंवा मे महिन्यात घर बंद करून कोकणात जाणाऱ्यांनी निघण्याच्या दोन दिवस आधीपासून फ्रिजमधील भाजी संपवत आणावी. निघण्याच्या सकाळी ओला डबा रिकामा करून, धुऊन, झाकण उघडे ठेवून पालथा घालावा. खताच्या डब्यात शेवटचा कचरा घातल्यावर पानांचा सहा बोटे जाड थर द्यावा. असा डबा दोन आठवडे कोणी न ढवळताही राहतो. सिंकची जाळी कोरडी पुसावी, दुधाच्या पिशव्या आणि रद्दी आदल्या दिवशीच देऊन टाकावी, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून उभ्या करून ठेवाव्यात.